बाटलीची स्थिती

मुंग्यांची एक रांग खिडकीच्या चौकटीतून उतरून, 'कृपया शांतता राखा'च्या पाटीला वळसा घालून, थेट औषधांच्या कुलूपबंद कपाटात शिरत होती. कुलपाची किल्ली फक्त माझ्याकडे असे. मुंग्यांना तिची गरज पडलेली दिसत नव्हती. रांगेच्या या टोकाला पुण्याहून आलेले देवस्थळी चष्मा कपाळावर सरकवून वाकून उभे होते. इतक्या आदराने त्यांनी माझ्या फायलींकडे कधी बघितलं नव्हतं.

"अष्टेकर, या कपाटात खायचं काही ठेवता का?"

"नाही सर. फक्त ट्रायलची औषधं."

"म्हणजे मुंग्याही कॅन्सरवर संशोधन करतायत, असं धरून चालू. उघडा."

ही सोळा-सतरा वर्षांपूर्वीची गोष्ट. मी तेव्हा सव्वीस वर्षांचा होतो आणि सांगलीतल्या एका कॅन्सरच्या हॉस्पिटलात 'संशोधन समन्वयक' होतो. हे नाव पत्रिकेत छापायला बरं होतं. प्रत्यक्षात मी गोळ्या मोजत असे. डॉक्टर शशिकला मगदूम, म्हणजे आमच्या मॅडम, स्तनाच्या कॅन्सरवरच्या एका नव्या गोळीची चाचणी करत होत्या. गोळी बाजारात आलेली नव्हती. जो पेशंट चाचणीत आहे त्याला ती फुकट, आणि जो चाचणीतून बाहेर पडला त्याला ती कुठल्याच किमतीत नाही. देवस्थळी हे कंपनीने नेमलेले तपासनीस. आम्ही सगळं नियमाने करतो की नाही हे बघायला ते दर तीन महिन्यांनी येत, आणि मुक्कामी भडंग खाऊन परत जात.

मी कपाट उघडलं. मुंग्या चौदा नंबरच्या पेशंटच्या बाटल्यांवर होत्या. चार बाटल्या, चार महिन्यांच्या. देवस्थळींनी पहिलीचं झाकण फिरवून ती माझ्या गोळ्या मोजायच्या ताटलीत उपडी केली. दोन काळे बेदाणे बाहेर पडले.

त्यांनी फाइल उघडून त्या बाटलीपुढची माझी नोंद मोठ्याने वाचली. "परत आलेल्या गोळ्या : सात. बाटलीची स्थिती : रिकामी, स्वच्छ. सही, स. अष्टेकर." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "सही छान आहे तुमची."

चौदा नंबर म्हणजे सगुणाबाई कोळेकर. कवठेमहांकाळच्या पलीकडच्या एका वाडीतल्या. वय बावन्न. बेदाण्याच्या शेडवर निवडायच्या कामाला जात. सकाळी आठ ते संध्याकाळी सहा मांडी घालून बसायचं, समोरच्या ढिगातला हिरवा बेदाणा एकीकडे, काळा दुसरीकडे, काडी तिसरीकडे. बोटं बघत असतात, डोळे गप्पा मारत असतात, असं त्या सांगत. इतर औषधं थकल्यावर मॅडमनी त्यांना चाचणीत घेतलं होतं. एकोणीस पानांचं संमतिपत्रक मी त्यांना दोन तास वाचून दाखवलं. मध्ये एकदा त्या झोपल्या आणि एकदा मी. अंगठा उठवल्यावर मी त्यांना बाटली दिली. पस्तीस गोळ्या, रोज एक, अठ्ठावीस दिवस. सात जास्तीच्या. अठ्ठावीस दिवसांनी बाटली उरलेल्या गोळ्यांसकट परत आणायची. सोबत एक डायरी दिली, तिच्यात दिवसाला एक चौकोन.

"गोळी घेतली की रोज एक खूण करायची," मी समजावलं होतं. "चांगल्या दिवसाला बरोबरची, त्रासाच्या दिवसाला फुली."

"मला कुठं लिवता येतंय मास्तर." माझ्या हातात पेन असल्यामुळे मी त्यांच्यासाठी मास्तर होतो.

"लिहायचं काय त्यात. कशीही करा, पण खूण करा आणि न विसरता मला परत आणून द्या."

त्यांनी मान डोलावली. मला वाटलं, समजलं. ते त्यांना किती नीट समजलं होतं हे मला कळायला पाच महिने लागले.

पहिल्या महिन्याला बाटली परत आली ती जड लागली. उघडली तर वर बेदाणे, त्याखाली कंपनीचा कापसाचा बोळा, आणि बोळ्याखाली सात गोळ्या. औषध कंपन्या बाटलीत गोळ्यांपेक्षा हवा जास्त भरतात, त्यामुळे जागेची अडचण नव्हती.

"मावशी, हे काय?"

"मोजून घे मास्तर."

मी गोळ्या मोजल्या. सात. "बरोबर आहेत."

"बाकीचं बी मोज."

मी हसलो. आमच्याकडे रिकामं भांडं परत देत नाहीत. शेजारची वाटी परत करताना आई त्यात चिमूटभर साखर तरी घालायचीच. इथे वाटीऐवजी बाटली आली होती. मी सांगितलं की मावशी, बाटलीत काही घालायचं नसतं, नियम आहे. त्या बरं म्हणाल्या, आणि पुढच्या महिन्यात बाटली पुन्हा जड आली. पुन्हा तेच, मोजून घे मास्तर.

आता इथे मॅडमचा स्वभाव सांगायला हवा. पेशंटकडून त्या काहीही घेत नसत. नारळ परत, पेढे परत. एकदा कुणीतरी कोंबडी आणली, तीसुद्धा परत गेली, आणि मॅडमनी ती मिळाल्याची नातेवाइकाची सही घेतली. तेव्हा बेदाण्यांचं प्रकरण त्यांच्यापर्यंत न्यायचं म्हणजे मावशींना बोलणी बसणार. मी ते आपल्या पातळीवर मिटवलं. म्हणजे खाल्ले. दुपारच्या चहाबरोबर, एकेक. फक्त हिरवे, काळे मला आवडत नाहीत. पण अन्न टाकायचं नाही हे घरचं वळण, म्हणून काळे तसेच बाटलीत ठेवून झाकण लावायचो आणि फॉर्मवर 'रिकामी, स्वच्छ' असं लिहायचो. असे चार महिने.

देवस्थळींनी चारही बाटल्या ओतल्या. मग ते थेट मॅडमच्या खोलीत गेले, आणि मी मुंग्या झटकत मागून गेलो.

मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. त्यांची ऐकायची पद्धत अशी की सांगणाऱ्याला आपण जरा जास्तच सांगितलं असं वाटावं.

"खाल्लेस?"

"हो मॅडम."

"गोळ्यांच्या बाटलीतले."

"मध्ये कापूस होता."

मॅडमनी एक चिठ्ठी लिहून माझ्यापुढे सरकवली. माझ्या रक्ताच्या तपासण्या होत्या, आठवड्यातून एकदा, चार आठवडे. चाचणीत वय आणि लिंगाच्या अटीत न बसणारा मी एकमेव सहभागी झालो.

देवस्थळींचं म्हणणं साधं होतं आणि दुर्दैवाने बरोबर होतं. बाटलीत बाहेरचा पदार्थ आहे. नोंद खोटी आहे. मग सात गोळ्या परत आल्या हे तरी खरं कशावरून? पेशंटने बाकीच्या घेतल्या की गाईला घातल्या, कुणाला माहीत? डायरीत अठ्ठावीस दिवस अठ्ठावीस बरोबरच्या खुणा, एकाच पेनाने, एकाच तिरकेपणाने. एवढं निरोगी माणूस त्यांनी निरोग्यांतसुद्धा पाहिलं नव्हतं. चौदा नंबरला काढावं लागेल.

"तिची गाठ निम्म्यावर आलीय," मॅडम म्हणाल्या.

"म्हणूनच वाईट वाटतंय, डॉक्टर. पण गोळीने आली की बेदाण्यांनी, हे मी कंपनीला कसं सांगू?"

मला मनापासून वाटलं की त्यांनी मला शिव्या द्याव्यात. खोट्या नोंदीला सोबत म्हणून आणखी एक खोटी नोंद करायची माझी तयारी होती. तसं मी अर्धवट सुचवलंही. बाटल्या धुऊन ठेवतो, म्हणालो.

"तू काही धुणार नाहीस," मॅडम म्हणाल्या. "आज गुरुवार ना? ती येईल. तिलाच विचारू."

सगुणाबाई अकराच्या सुमारास आल्या. डोक्याला रुमाल, त्यावरून पदर. टेबलावर चार बाटल्या, आणि प्रत्येकीपुढे कागदावर तिच्यातले काळे बेदाणे. दोन. तीन. पाच. आठ. बाई खुर्चीवर न बसता उभ्यानेच ते बघत राहिल्या. मग त्यांनी खोलीभर नजर फिरवली.

"हिरवं कुठं हायती?"

मॅडम म्हणाल्या, "मास्तरांनी खाल्ले."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता. शेडवर नवी आलेली पोरगी हिरव्यात काळा टाकते तेव्हा तिच्याकडे बघत असतील तसं काहीतरी होतं.

"मोजून?"

"नाही मावशी."

"दर खेपेला सांगितलं तुला. मोजून घे, मोजून घे. तुला काय वाटलं, तुला खाऊ आणतीया व्हय मी?"

देवस्थळींनी चष्मा कपाळावरून खाली नाकावर घेतला.

मग बाईंनी सांगितलं, आणि त्यात सांगण्यासारखं जास्त काही नव्हतंच. मास्तरांनी रोज एक खूण करायला सांगितली. लिहिता येत नाही. म्हणून गोळी काढली की तिच्या जागी एक बेदाणा टाकायचा. चांगला दिवस गेला तर हिरवा, त्रासाचा गेला तर काळा. पस्तीस आत होते, पस्तीसच परत द्यायचे. मास्तर म्हणाले होते, कशीही कर.

"मग डायरीतल्या खुणा कुणाच्या?" देवस्थळींनी विचारलं.

"त्यो भाचा माजा. ग्रामपंचायतीत हाय. हितं येताना येस्टीत बसून भरतोय सगळं एकदम. तितं बी तसंच भरत्यात म्हनं."

त्यांनी पिशवीतून पाचवी बाटली काढून टेबलावर ठेवली. मॅडमनी मला नुसती मान हलवून खूण केली. मी ताटली पुसली आणि आयुष्यात पहिल्यांदा मावशींच्या बाटलीतलं सगळं मोजलं. खात्रीसाठी दोनदा मोजलं. बेदाणे सव्वीस. हिरवे चौदा, काळे बारा. कापूस काढला. गोळ्या नऊ.

"सव्वीस आणि नऊ पस्तीस," देवस्थळी स्वतःशीच म्हणाले. मग जागे झाल्यासारखे, "पण गोळ्या सात उरायला हव्यात."

"दोन दिस उठवंनाच," बाई म्हणाल्या. "गोळी घेतलीच न्हाई, मग बेदाना कशाचा टाकू?"

डायरीत ते दोन्ही दिवस बरोबरच्या खुणांनी भरलेले होते.

मॅडम एव्हाना बेदाण्यांकडे बघतच नव्हत्या. त्या बाईंच्या हातांकडे बघत होत्या. त्यांनी उठून बाईंचा उजवा हात उलटा केला. तळव्याची कातडी सोलून निघाली होती, बोटांची टोकं लाल झाली होती. या गोळीचा हा त्रास पुस्तकात लिहिलेला आहे. दर महिन्याच्या तपासणीत पदर त्या हातांवर असे, आणि मी फॉर्मवर 'तक्रार नाही' लिहीत असे.

"सगुणाबाई, मी दर वेळी विचारते. तुम्ही म्हणता, बरं आहे."

"तुमी इचारता, बरं हाय का. भाईर चाळीस मानसं बसल्याली असत्यात. बरं हाय म्हनायचं आन उठायचं." बाईंनी हात सोडवून घेऊन पदराखाली नेला. "आन त्रास हाय म्हनलं तर गोळी बंद केली असती तुमी."

"बंद नसती केली. कमी केली असती. तशी सोय आहे यात."

"ते आमाला कुठं ठावं? पर दोन्हीकडं खोटं कसं सांगावं, डाक्टरीणबाई? तोंडानं बरं हाय म्हनलं. बाटलीत खरं टाकलं."

मॅडमनी चार कागदांवरचे काळे बेदाणे बोटाने एका रांगेत सरकवले. दोन, तीन, पाच, आठ, आणि ताटलीतले बारा. महिन्यामागून महिना बाईंचे हात कसे सोलत गेले ते टेबलावर आकड्यांत पडलं होतं. मी चांगले दिवस तेवढे खाल्ले होते. वाईट सगळे शिल्लक होते, आणि डॉक्टरला हवे असतात ते वाईटच.

देवस्थळी लिहायला लागले होते. मध्येच थांबून त्यांनी विचारलं, "काळा म्हणजे नक्की किती त्रास, मावशी? काही ठरवलं होतं का?"

"भाकरी थापता आली न्हाई, तर काळा. हाताची नुसती आग झाली पर भाकरी झाली, तर हिरवाच."

"आणि पिवळे असतात ना बेदाण्यात? मधले?"

"पिवळं न्हाई ठेवलं. पिवळ्यावरनं शेडवर भांडनं हुत्यात."

देवस्थळींनी पेन खाली ठेवलं. आमच्या कंपनीने त्रासाच्या पाच पायऱ्या केल्यात, ते मॅडमना म्हणाले, आणि दुसरी नि तिसरी यांत फरक काय यावर गेल्या वर्षी गोव्याला दोन दिवस बैठक झाली होती. मग त्यांनी अहवालात 'रुग्णाची दैनंदिनी' या शब्दांपुढे काय लिहिलं ते मी उलट्या बाजूने वाचलं. त्यांनी 'बेदाणे' असं लिहिलं होतं.

पण अहवाल लिहिला म्हणून प्रश्न सुटला नव्हता. नियमाप्रमाणे निर्णय होईपर्यंत गोळी बंद. मॅडमनी मला सगळा प्रकार पहिल्यापासून लिहायला बसवलं, काही न गाळता. 'समन्वयकाने हिरवे बेदाणे खाल्ले' हे वाक्य मी चार वेगवेगळ्या प्रकारांनी सौम्य करून पाहिलं. मॅडमनी चारही वेळा खोडून ते तसंच ठेवलं. कंपनीकडून उलट विचारणा आली की बेदाणे म्हणजे काय, त्याचा खुलासा करावा. मॅडमनी खुलासा केला. हॉस्पिटलच्या नीतिसमितीपुढे त्या पाच बाटल्या घेऊन गेल्या. ती बैठक साधारण वीस मिनिटांची असते. त्या दिवशी ती दीड तास चालली. समितीत एक निवृत्त न्यायाधीश होते. त्यांनी म्हणे स्वतः मोजले.

ते तीन आठवडे सगुणाबाई दर गुरुवारी येत होत्या. गोळी नाही हे माहीत असूनही. बाकावर बसायच्या, मला विचारायच्या, "काय म्हनत्यात?" मी म्हणायचो, अजून काही नाही मावशी. मग त्या माझ्या दंडावरच्या रक्त काढलेल्या जागेचा कापूस बघायच्या आणि म्हणायच्या, "तुज्यावर बी काम चाललंय म्हन की." त्या तीन आठवड्यांत मी कोणत्याही देवाला नवस बोललो नाही, कारण मी विज्ञानाचा पदवीधर होतो. पण वाटेवरच्या गणपतीसमोरून जाताना चाल हळू करायचो.

निर्णय आला. चौदा नंबरला चाचणीत ठेवावं, गोळीची ताकद कमी करावी. समन्वयकाला लेखी ताकीद आणि दोन दिवसांचं प्रशिक्षण. शिवाय एक नवी सूचना, फक्त आमच्या केंद्रासाठी आणि फक्त एका पेशंटपुरती : बाटलीतील बेदाणे रंगानुसार मोजून, दोघांच्या सह्या झाल्यावर नष्ट करावेत.

नवी बाटली द्यायला मॅडम स्वतः आल्या. दहा मिनिटं त्या बाईंना काहीतरी सांगत होत्या. मी दूर होतो, शेवटचं तेवढं ऐकू आलं. "काळा पडला की मला कळलंच पाहिजे. महिना संपायची वाट बघायची नाही." बाईंनी विचारलं, तेवढ्यासाठी कवठ्यासनं यायचं व्हय? मॅडमनी आपला घरचा फोन नंबर लिहून दिला. असं त्यांनी त्याआधी कधी केलं नव्हतं, आणि त्यांच्या घरच्यांच्या म्हणण्याप्रमाणे पुढे त्या सगळ्यांनाच देत सुटल्या.

पहिल्या महिन्याला काळे पाच आले. दुसऱ्याला दोन. दोन्ही वेळा मी मोजले, मॅडमनी मोजले, सह्या झाल्या, आणि बेदाणे हॉस्पिटलच्या कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत गेले. दोन्ही वेळा बाईंनी तोंड वाकडं केलं. निवडलेला माल असा टाकतात का, म्हणाल्या.

ते औषध पुढे बाजारात आलं. निम्म्या लोकांना लागू पडतं, निम्म्यांना नाही. याला वैद्यकात यश म्हणतात. त्यावरच्या शोधनिबंधात एक तक्ता आहे, त्रास किती जणांना किती झाला त्याचा. त्यातल्या एका आकड्यात सगुणाबाई आहेत. कुठल्या ते फक्त मला दाखवता येतं. त्या त्यानंतर सहा वर्षं होत्या, आणि त्यातली चार शेडवर होत्या.

पण माझ्या लक्षात राहिलाय तो तिसरा महिना. गुरुवार, अकराची वेळ. मी बाटली ताटलीत ओतली आणि गोळ्या मोजायच्या चपट्या पातीने एकेक बेदाणा सरकवत गेलो. शेवटचा सरकवून परत पहिल्यापासून सुरू केलं. मॅडम तोवर दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या.

"अठ्ठावीस," मी म्हणालो. "सगळे हिरवे. गोळ्या सात."

मॅडमनी पाती माझ्या हातातून घेऊन स्वतः मोजले. मग सही केली. मी केली. मी पिवळी पिशवी ओढली तेव्हा बाईंनी तिच्यावर हात ठेवला. हातावर नवी कातडी आली होती.

"मोजून झालं न्हवं?"

"झालं मावशी."

"मग आता खा की. मोजल्याबिगर खाऊ नी, एवढंच."

मी मॅडमकडे बघितलं. त्यांनी ती सूचना काढून पुन्हा वाचली. नष्ट करावेत असं लिहिलं होतं. कसे, ते लिहिलेलं नव्हतं. त्यांनी कागद घडी करून खिशात ठेवला, चौदा वेगळे करून माझ्यापुढे सरकवले, आणि उरलेल्यांतला एक उचलून तोंडात टाकला. मग बसल्या, आणि दुसरा घेतला. बाहेर चाळीस माणसं थांबली होती. ती आणखी पाच मिनिटं थांबली.

ताटली मोकळी झाल्यावर मी फॉर्म पुढे ओढला. 'बाटलीची स्थिती' या रकान्यात लिहिलं : रिकामी. बेदाणे खाऊन त्या रकान्यात चौदा नंबरपुढे मी पहिल्यांदाच खरं लिहीत होतो.